दुसऱ्यांच्या शब्दावर

‘मी संघटनेत नोकरी करते’ असं सांगितलं की समोरचा हमखास विचारायचा, “युनियनमध्ये?” मग मी सांगायचे, नाही हो, मालकांच्या संघटनेत. कोंबड्या पाळणाऱ्यांच्या. यावर माणूस आधी हसायचा आणि हसून झालं की विचारायचा, “मग तिथे तुम्ही नेमकं काय करता?” याचं धड उत्तर मला कधीच एका वाक्यात देता आलं नाही. कार्डावरचं पदनाम बदलत गेलं. आधी प्रसिद्धी अधिकारी, मग जनसंपर्क अधिकारी आणि अखेरीस एका नव्या अध्यक्षांना आवडलं म्हणून कम्युनिकेशन हेड. काम तेच राहिलं. अंड्याचा भाव का चढला, चिकनचा का पडला ते वर्तमानपत्रांना समजावून सांगायचं, सरकारकडे जाणारी निवेदनं लिहायची, सभासदांसाठी महिन्याचं वार्तापत्र काढायचं आणि वाईट बातमी आली की फोन उचलायचा. चांगल्या बातमीला फोन उचलायला अध्यक्ष असतात.

१९९३ साली लागले, २०२२ साली निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ झालं आणि एक वक्ते म्हणाले, की बाईंनी या व्यवसायाला आवाज दिला. टाळ्या पडल्या. निरोपसमारंभात उठून वक्त्याला दुरुस्त करण्याची पद्धत नाही म्हणून गप्प बसले. ती दुरुस्ती इथे करते. माझी नोकरी ज्या शब्दांवर चालली ते बहुतेक दुसऱ्यांचे होते आणि त्यांतल्या काहींनी त्याची किंमतही मोजली होती. नावं मात्र कुणाची घालत नाही. ज्यांना विचारून घालायची त्यांतले काही आता नाहीत, आणि जे आहेत त्यांना ते रुचणार नाही.

आमच्या घरात अंडं येत नसे. मी वाईची, शाळामास्तरांच्या घरातली. पुण्यातल्या एका दैनिकात उपसंपादक होते आणि बाजारभावाचं पान लावायचं काम माझ्याकडे होतं. ते पान म्हणजे नव्या माणसाला दिलेली शिक्षा समजत. त्याच पानामुळे पोल्ट्रीवाल्यांशी फोनवर ओळख झाली आणि नोकरी चालून आली. आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “कचेरीत चहाचे कप तरी वेगळे असतात ना?” पुढे म्हातारपणी तिला अशक्तपणा आला आणि डॉक्टरांनी रोज एक अंडं खायला सांगितलं, तेव्हा तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. “तुझ्या कचेरीनं सांगितलं का यांना?”

कचेरी म्हणजे पुण्यात एका दुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या. त्यांतल्या आतल्या खोलीत अण्णा बसत. अण्णा संघटनेचे सचिव. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. तरुणपणी ते मुंबईत अंड्यांच्या एका बड्या आडत्याकडे हिशेब लिहायला होते, म्हणजे भाव जिथे पाडला जायचा तिथेच बसून त्यांनी तो धंदा पाहिला होता. ट्रक रात्री निघायचा, माल मुंबईत उतरायचा आणि त्यानंतर मालकाला कळायचं, की आज आपल्या अंड्याला काय मिळालं. माल नाशवंत, परत नेता येत नाही, ठेवूनही भागत नाही. मिळेल ते घ्यायचं आणि गप्प बसायचं. १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी ठिकठिकाणच्या पोल्ट्रीवाल्यांना एकत्र आणून नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी उभी केली आणि भाव उत्पादकानं जाहीर करायचा अशी रीत पाडली, तेव्हा अण्णांनी आडतीवरची नोकरी सोडली आणि ते पोल्ट्रीवाल्यांच्या बाजूला आले. दूरदर्शनवरच्या संडे-मंडेच्या जाहिरातीनं ती कमिटी घरोघरी पोचली, पण अण्णांच्या लेखी जाहिरात दुय्यम होती. त्यांना कौतुक रोज सकाळी पेपरात छापून येणाऱ्या शेकड्याच्या दराचं. “बाई, जाहिरात बघून माणूस एक अंडं जास्त खाईल. छापलेला दर बघून शेतकरी आडत्याला नाही म्हणेल. तुमचं काम दुसऱ्या प्रकारचं आहे.”

प्रेसनोट कशी लिहायची ते मी वर्तमानपत्रात शिकले नव्हते, कारण तिथे मी ती कापायला शिकले होते. अण्णांनी याच गोष्टीचा उपयोग करून घेतला. पहिल्या ओळीत आकडा, दुसऱ्या ओळीत कारण, भावना सगळ्यात शेवटी. उपसंपादक शेवटूनच कापतो, तेव्हा त्याला कापायला काहीतरी ठेवायचं. लाल पेन निघालं की माझी विशेषणं जायची. पण त्या लाल पेनाचा सगळ्यात मोठा राग ‘आम्ही’ या शब्दावर. “‘आमची मागणी आहे’ असं लिहिलंय. आम्ही म्हणजे कोण?” मी म्हणायचे, संघटना. “संघटना म्हणजे कोण?” अंड्यांचा, दोन लाख पक्ष्यांचा लेअर फार्म असलेला, की कंपनीची पिल्लं वाढवून किलोमागे ग्रोइंग चार्ज घेणारा ब्रॉयलरवाला? मका विकत घेणारा, की मका पिकवणाराही? मक्याचा भाव पडला तर एक खूश, दुसरा नाराज, आणि पुष्कळदा दोघे एकाच घरातले. संघटनेचं निवेदन म्हणजे पंधरा जणांनी आपापला मसाला टाकलेली आमटी. ती कुणालाच आवडत नाही आणि संपते मात्र सगळी. अण्णांचा आग्रह एवढाच, की त्या निवेदनात ‘आम्ही’ आला तर तो कोण आहे हे निदान लिहिणारीला ठाऊक असावं.

असली कामं करणाऱ्यांचा मूळपुरुष म्हणून ते अ. रा. भटांचं नाव घेत. १९३४ साली पुण्यात मराठा चेंबर स्थापन झालं, ते भटांच्या खटपटीनं. आणि भट मुळात पत्रकार. १९५२ साली नेमलेल्या पहिल्या प्रेस कमिशनचे ते सभासद होते. म्हणजे व्यापाऱ्यांची संघटना चालवणाऱ्या माणसाला वृत्तपत्रांच्या चौकशीवर बसवण्याइतका त्याचा शब्द दोन्हीकडे चालत होता. अण्णांनी मला चेंबरच्या ‘संपदा’ मासिकाचे जुने अंक आणून दिले होते. “यात स्तुती शोधा,” म्हणाले. “सापडली तर मला दाखवा.” मला काही ठिकाणी सापडली. दाखवली नाही.

आमचं खरं अंदाजपत्रक पंचांगात असतं, हेही त्यांच्याकडूनच शिकले. आषाढी अमावास्येच्या आदल्या आठवड्यात मागणी चढते, श्रावण लागला की कोसळते, गणपती-नवरात्रापर्यंत तशीच रडतखडत राहते. दरवर्षी एखादा नवा वार्ताहर श्रावणात फोन करून विचारतो, चिकनचे भाव का घसरले हो? त्याला हसायचं नाही, सगळं पहिल्यापासून सांगायचं, कारण पुढच्या वर्षी तोच आपल्याला वाईट दिवशी फोन करणार असतो. अण्णा २००१ साली गेले. तोवर मी लाल पेन स्वतःच वापरायला लागले होते.

माझ्या जुन्या वृत्तसंपादकांचं ऋण वेगळ्या जातीचं आहे. मी नोकरी बदलली त्या दिवशी त्यांनी सांगितलं, “तू आता आमची नाहीस. चहाला ये, पण प्रेसनोट रांगेत लावायची.” आणि त्यांनी ती खरोखरच रांगेत लावली. मैत्रीखातर माझी एक ओळ छापली नाही आणि वैरापोटी एक ओळ गाळली नाही. संघटनेत काहींना वाटत असे, की बाईंची पेपरात ओळख आहे तर बातमी येईलच. ओळख होती म्हणूनच येत नसे. याचा फायदा फार उशिरा कळला: मी दिलेली बातमी छापून आली, तर ती बातमी होती म्हणूनच आली, एवढं लोकांना माहीत झालं.

आणि मामा. कचेरीतले शिपाई, पण त्यांचं मुख्य काम कात्रणांचं. रोजचे पेपर, रुंद वह्या, सुरुवातीला घरून शिजवून आणलेली खळ आणि नंतर फेव्हिकॉल. प्रत्येक कात्रणाखाली पेपराचं नाव, तारीख, पान. संघटनेवर टीका करणारी बातमी ते तितक्याच निगुतीनं चिकटवत. एकदा एका पदाधिकाऱ्यांनी, त्यांच्याविरुद्धचं कात्रण वहीत का, म्हणून आवाज चढवला. मामा शांतपणे म्हणाले, “साहेब, वही पेपरची आहे, तुमची नाही.” सातवी पास माणूस.

आता नवापूर.

नंदुरबार जिल्ह्यातलं, गुजरातच्या हद्दीला चिकटलेलं गाव. तिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. हद्दीवरचं म्हणून दोन्ही बाजूंचा बाजार मिळतो, त्यामुळे तिथे लेअर फार्म दाटीनं उभे राहिले. २००६ च्या सुरुवातीला तिथल्या शेडमध्ये मरतुक वाढल्याचे फोन येऊ लागले. पक्षी मरतात, कुठल्याही शेडमध्ये मरतुकीची वही असतेच. पण हे आकडे वहीत मावणारे नव्हते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात संघटनेची तातडीची बैठक झाली. आशियातल्या बऱ्याच देशांत बर्ड फ्लू येऊन गेला होता, आपल्याकडे तोवर नव्हता. बैठकीतला सूर असा, की ही राणीखेत आहे, आपली जुनी मानमोडी. तसं ठामपणे लिहा आणि आजच्या आज पाठवा. दुसरा शब्द एकदा छापून आला तर देशभरचा बाजार बसेल. ही भीती खोटी नव्हती. बसलेल्यांतल्या निम्म्यांच्या डोक्यावर बँकेची कर्जं होती.

संघटनेला सल्ला देणारे एक पशुवैद्य होते. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले, पुढे आयुष्यभर कोंबड्यांचेच डॉक्टर. एका दिवशी एकच फार्म बघायचा हा त्यांचा नियम. एका शेडमधला रोग आपल्याच चपलांनी दुसऱ्या शेडमध्ये जाऊ नये म्हणून. त्यासाठी बुडालेल्या फीचा हिशेब त्यांनी कधी केला नाही. त्या बैठकीत सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मसुदा माझ्या हातात होता, त्याखाली त्यांचं नाव घालायचं होतं.

“तुरा निळा पडतो, मान वाकडी होते, दोन दिवसांत शेड आडवी होते,” ते म्हणाले. “हे मानमोडीतही होतं आणि त्यातही होतं. डोळ्यांनी फरक सांगता येत नाही. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेलेत, अहवाल येऊ द्या.”

“तोवर काय म्हणायचं?”

“माहीत नाही म्हणायचं.”

“संघटनेला माहीत नाही, असं पेपरात छापायचं?”

“संघटनेला माहीत नाहीच आहे.”

त्यांनी नाव घालू दिलं नाही. त्यांच्या नावाशिवाय मसुद्याला अर्थ नव्हता, म्हणून तो बारगळला आणि मी चार ओळींची नोट लिहिली. नवापूर परिसरात पक्षी असाधारण संख्येनं मरत आहेत. नमुने तपासणीला गेले आहेत. अहवाल येईपर्यंत तिथून पक्षी आणि अंडी बाहेर हलवू नयेत असं सभासदांना कळवलं आहे. चिकन-अंडी नीट शिजवूनच खावीत. ही नोट कुणालाच आवडली नाही. एका ज्येष्ठ सभासदानं मला विचारलं, की तुमचा पगार कोण देतं?

१८ फेब्रुवारीला, शनिवारी, सरकारनं जाहीर केलं: एच५एन१. भारतातला पहिला. व्यवसायातल्या काहींनी तोवर मानमोडीची ग्वाही जाहीरपणे दिली होती. पुढे बरेच दिवस त्यांचा फोन कुणी खरेपणानं घेतला नाही. आमची ती नावडती नोट मात्र पेपरांच्या डेस्कवर पडलेली होती. शनिवार रात्रीपासून माझा फोन जो सुरू झाला तो थांबेना. मराठी, हिंदी, इंग्रजी, वाहिन्यांच्या गाड्या, जिल्ह्याजिल्ह्याचे वार्ताहर. ‘अॅग्रोवन’ तेव्हा वर्षाचाही झाला नव्हता, पण शेतीचं स्वतंत्र दैनिक आल्यामुळे प्रश्न तरी नेमके येत. बाकीच्यांचे प्रश्न कसलेही असत. पिसांच्या उशीवर झोपलं तर चालेल का, असंही एकीनं विचारलं. मी प्रत्येकाला सांगत होते ती वाक्यं डॉक्टरांची होती. विषाणू सत्तर अंश उष्णतेला मरतो, आपली रस्सा-भाजी त्याच्या कितीतरी वर उकळते. धोका आहे तो आजारी पक्षी हाताळणाऱ्याला. माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत गेलेत, त्यांच्या निकालाची वाट बघा. ते नमुने निर्दोष निघाले. पण निकाल येण्याआधी ‘निर्दोष निघतील’ असं आम्ही म्हटलं नव्हतं, आणि म्हणून निकालानंतर आमचं ऐकलं गेलं.

बाजार कोसळायचा तो कोसळलाच. रेल्वेनं जेवणातून चिकन-अंडी काढून टाकली, हॉटेलांनी पाट्या बदलल्या. तयार झालेला ब्रॉयलर उचलायला व्यापारी येईना आणि पक्षी तर रोज खातच असतो. या काळात संघटनेनं पोस्टर काढायचं ठरवलं. मजकूर आला: ‘चिकन शंभर टक्के सुरक्षित’. डॉक्टरांनी तो खोडला. “‘नीट शिजवलेलं’ हे दोन शब्द पाहिजेत. ते काढायचे असतील तर माझं नावही काढा.” दोन शब्दांनी ठळक ओळ बिघडते, असं जाहिरात करणाऱ्याचं म्हणणं. ओळ बिघडली ती बिघडली. छापलं गेलं तसंच.

यात डॉक्टरांचं काय गेलं ते मला कितीतरी वर्षांनी कळलं, तेही त्यांच्या पत्नीकडून. त्या बैठकीनंतर काही मोठ्या फार्मनी त्यांना बोलावणं बंद केलं. भांडण नाही, पत्र नाही, बोलावलंच नाही. मुलाच्या इंजिनिअरिंगचं ते वर्ष होतं. मला त्या वर्षी पगारवाढ मिळाली, संकटकाळात चांगलं काम केल्याबद्दल. हा हिशेब मी कधीतरी त्यांच्यासमोर काढला, तर ते म्हणाले, “तुझी नोकरी बोलायची होती, माझी बघायची. मी जे बघितलं नाही ते तुला कसं बोलू देणार?” आणि विषय बदलला.

दुसरं ऋण नवापूरच्या एका तालुका प्रतिनिधीचं. बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आणि बातमीचं काम जोडधंदा. छापून आलेल्या मजकुराच्या मापानं पैसे मिळत. मोठ्या वाहिन्यांचे लोक त्याच्या दुकानात वायर लावून बॅटऱ्या चार्ज करत आणि त्याच्याकडूनच ऐकलेलं कॅमेऱ्यापुढे सांगत. आमच्याकडे तेव्हा एक बेत शिजत होता. पदाधिकाऱ्यांनी नवापुरात जाऊन कॅमेऱ्यांसमोर चिकन खायचं, म्हणजे लोकांची भीती जाईल. त्याचा फोन आला. “ताई, इथे लोकांच्या डोळ्यांदेखत कोंबड्या खड्ड्यात जातायत. इथे येऊन तंगडी खाल्लीत तर फोटो झकास येईल. पण पुढे या तालुक्यात तुमचं कुणी ऐकून घेणार नाही.” मी त्याचं वाक्य जसंच्या तसं बैठकीत वाचून दाखवलं. बेत पुण्याला हलला. फोटो साधारण आला.

मार्चमध्ये, तिथली कत्तल संपल्यावर, मी नवापूरला गेले. तोवर जळगाव जिल्ह्यातूनही बातम्या यायला लागल्या होत्या. रिकाम्या शेडचं वर्णन करत नाही. तेव्हाच्या पेपरांत ते पुष्कळ आलं आहे. पेपरात कमी आलं ते पाड्यांवरचं. रोग सापडला त्याभोवतीच्या तीन किलोमीटरमधले सगळे पक्षी मारायचे, हा नियम. त्यात शेडमधल्या लेअर होत्या तशा आदिवासी घरांच्या अंगणातल्या चार-चार, पाच-पाच गावठी कोंबड्याही होत्या. तो प्रतिनिधी मला एका म्हातारीकडे घेऊन गेला. तिची बोली मला निम्मी कळत होती, बाकी तो सांगत होता. पथक आलं तेव्हा तिनं एक कोंबडी डालग्याखाली झाकून ठेवली होती, ती ओरडली आणि सापडली. म्हातारी हे सांगताना हसली. कोंबडी म्हणजे तिची पेटी: नातू आजारी पडला की एक विकायची, पाहुणा आला की एक कापायची, देवाला बोललेली एक वेगळी. मग तिनं विचारलं, तू कोण? प्रतिनिधीनं सांगितलं, की बाई कोंबडीवाल्यांच्या संघटनेच्या आहेत. ती म्हणाली, “मग त्यात मी आहे का?”

नव्हती. कशी असेल? आमची वर्गणी शेडच्या क्षमतेवर होती.

परत आल्यावर केंद्र आणि राज्य सरकारला द्यायच्या निवेदनाचा मसुदा समोर आला. नुकसानभरपाई, कर्जाचे हप्ते पुढे ढकलणं, व्याजात सूट. सगळं रास्तच. मी त्यात एक कलम घातलं: परसातल्या कोंबड्यांची भरपाई घरोघर आणि रोख द्यावी. एक सभासद म्हणाले, हे लोक आपले सभासद नाहीत, आपण त्यांची मागणी का करायची? मी अण्णांचा प्रश्न विचारला. निवेदनात वरती ‘आम्ही कुक्कुटपालक’ असं लिहिलंय. आम्ही म्हणजे कोण? खोलीत अण्णांना ओळखणारे तीन-चार जण होते. ते हसले आणि कलम राहिलं. त्या कलमामुळे सरकार हललं, असं म्हणण्याइतकी मी आता प्रसिद्धी अधिकारी उरलेले नाही. राहिलं, एवढं खरं. ऑगस्टमध्ये भारत बर्ड फ्लूमुक्त झाल्याचं जाहीर झालं आणि श्रावणामुळे भाव पुन्हा पडलेलेच होते.

नंतरची वर्षं लवकर सांगता येतात. फॅक्स गेला, मेल आला, मेलही गेला आणि व्हॉट्सअॅप आलं. फेब्रुवारी २०२० मध्ये कोंबडीतून कोरोना होतो, हा मजकूर फिरायला लागला. एका रात्रीत माझ्या स्वतःच्या नात्यातल्या तीन गटांवर तो आला. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं, याला कसलाही आधार नाही, असं स्पष्ट केलं तरी भाव उत्पादनखर्चाच्या खाली गेला तो गेलाच. हैदराबादला तेलंगणच्या मंत्र्यांनी व्यासपीठावर चिकन खाऊन दाखवलं. आमच्याकडेही कुणीतरी नट आणायचा विचार होता. मी कपाटातून मामांची २००६ सालची वही काढली. माझ्या हाताखालची तरुण मुलं ती पाहून थक्क झाली. त्यांना वाटत होतं, अफवा मोबाइलनं जन्माला घातल्या. तीच भीती, तसेच प्रश्न, उशीच्या पिसांसकट. आणि त्या वहीत पानोपान दिसत होतं, की पुढाऱ्यांनी खाल्लेल्या चिकनची बातमी एक दिवस टिकली होती, तर डॉक्टरांच्या प्रश्नोत्तरांचा मजकूर पेपरांनी पुन्हा पुन्हा छापला होता. नटाचे पैसे वाचले. जिल्ह्याजिल्ह्यातले पशुवैद्य उभे केले, त्यांना स्थानिक वार्ताहरांसमोर बसवलं. आमचे डॉक्टर तोवर पंचाहत्तरीच्या पुढे गेले होते. त्यांनी घरातून मोबाइलवर दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवलं. त्यात ‘नीट शिजवलेलं’ तीन वेळा होतं. मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि मग सगळ्याच धंद्यांचं जे झालं ते आमचंही झालं. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लू निघाला, तेव्हा पहिली नोट माझ्या हाताखालच्या मुलीनं लिहिली. चार ओळींची. पहिल्या ओळीत आकडा होता आणि अहवाल येण्याआधी रोगाचं नाव नव्हतं. मी तिच्यात काही खोडलं नाही.

नवापूरचा तो प्रतिनिधी आजही झेरॉक्सचं दुकान चालवतो. पेपरनं मानधन वाढवलं, पण त्यावर घर चालत नाही. मामांच्या वह्या कचेरीच्या नव्या जागेत जागा नाही म्हणून रद्दीत निघाल्या होत्या. निवृत्त होताना मी त्या मागून घेतल्या. त्या सध्या माझ्याकडे आहेत. पुण्यातलं एखादं ग्रंथालय किंवा कृषी महाविद्यालय त्या नीट ठेवायला तयार असेल, तर आनंदानं देईन, एका पैशाची अपेक्षा नाही.

आणि एक सांगणं आहे संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना. कोंबडीच्या, द्राक्षाच्या, दुधाच्या, साखरेच्या, कुठल्याही. प्रसिद्धीसाठी माणूस नेमताना त्याच्या आधी आपल्या मालाचा एक खरा जाणकार पगारावर ठेवा आणि तुमच्या मसुद्याला नाही म्हणायचा हक्क त्याला लेखी द्या. आमच्या डॉक्टरांकडे तो लेखी नव्हता, म्हणून त्यांना तो स्वतःच्या खिशातून वापरावा लागला.